तेरा लाल ठिपके

गुंजेने माझ्या सासूबाईंचं नाव कधीच घेतलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. ते यंत्र आहे. तारीख आणि वेळ एवढंच त्याला सांगता येतं. त्या तारखांपुढे नाव लिहिलं ते मी.

मी हर्षाली कोल्हे, सावद्याच्या शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. माझा आकड्यांवर जेवढा विश्वास आहे तेवढा माणसांवर नाही, असं माझा नवरा लोकेश चारचौघांत हसून सांगायचा. हल्ली तो हे सांगत नाही.

आमची कृतिका बारा वर्षांची झाली तेव्हा तिची उंची दोन वर्षं एका जागी थांबलेली होती. तिच्या वाढदिवसाला मी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने रेघ मारते. दहाव्या आणि बाराव्या वाढदिवसाची रेघ जवळजवळ एकच होती. पोट फुगायचं, जेवल्यावर मुरडा यायचा, ओठ पांढरेफटक. जो तो जंतांचं औषध सुचवत होता. शेवटी जळगावच्या डॉक्टर अलका फिरके यांनी रक्त तपासायला पाठवलं आणि तिसऱ्या दिवशी आम्हाला समोर बसवून कागदावर चित्र काढलं.

आपल्या लहान आतड्याला आतून बारीक लव असते, मखमलीला असते तशी. अन्नातलं सत्त्व ती लव शोषून घेते. काही जणांच्या शरीराला गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन वैरी वाटतं. आतड्यातलं एक एन्झाइम त्या ग्लुटेनला जाऊन चिकटतं, आणि मग शरीर दोघांनाही एकत्रच झोडपायला लागतं. स्वतःच्याच एन्झाइमविरुद्ध ते अँटिबॉडी तयार करतं. त्या मारामारीत लव झिजून सपाट होते. रक्तातली ही अँटिबॉडी मोजली की सिलिॲक कळतो. आकडा दहाच्या आत असायला हवा. कृतिकाचा दोनशेच्या वर होता.

"औषध नाही याला," डॉक्टर म्हणाल्या. "गहू बंद. जन्मभर. पोळीच नव्हे, ओट्यावर राहिलेली पिठाची चिमूटसुद्धा."

सहा महिन्यांत आकडा उतरायला लागला नाही तर वाढ खुंटते, हाडं ठिसूळ होतात, पुढे आतड्याचा कर्करोगही होऊ शकतो, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. मी वहीत लिहून घेतलं. लिहिताना मला काही वाटलं नाही. एकदम गार पडल्यासारखी झाले होते, आणि तशीच पुढे वर्षभर राहिले.

त्याच दिवशी कृतिकाला गुंज बसवली. दंडाच्या आतल्या बाजूला, कातडीखाली, बारीक लाल गोळी. खरं नाव लांबलचक आहे, पण रंगरूप सोनाराच्या गुंजेसारखं म्हणून आपल्याकडे सगळे गुंजच म्हणतात. ती दोन गोष्टी मोजते. एक ती अँटिबॉडी, जी हळू चढते, हळू उतरते आणि महिन्यामहिन्यांचा कल दाखवते. दुसरं इंटरल्यूकिन नावाचं रसायन. गव्हाचा कण पोटात गेला की त्याला पूर्वीपासून ओळखणाऱ्या पेशी जाग्या होतात आणि चारेक तासांत हे रसायन रक्तात उसळतं. गुंजेला ते दिसलं की आईबापांच्या फोनवर लाल ठिपका येतो आणि खाली लिहून येतं, गहू पोटात गेल्याची संभाव्य वेळ अमुक ते अमुक. आमच्या लहानपणी सहा-सहा महिन्यांनी रक्त दिल्यावर एवढंच कळायचं की कुठेतरी चुकतंय. आता दिवस कळतो, तास कळतो. कोणाच्या हातून, ते मात्र घरच्यांनीच शोधायचं असतं.

आणि आमच्या घरी मांडे होत.

माझ्या सासूबाई, प्रमिलाबाई कोल्हे, पंचक्रोशीत मांड्यांसाठी प्रसिद्ध. लग्न असो, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया असो, जावयाचं पहिलं जेवण असो, प्रमिलाबाईंचे मांडे नसतील तर यजमानाचीच मान खाली जायची. परसात चुलीवर भलंमोठं खापर पालथं घातलेलं. पहाटे पाचलाच जाळ पेटलेला. वस्त्रगाळ सपीट, तेलपाण्यात तिंबून तिंबून लोण्यासारखं केलेलं. त्यात पुरण भरून त्या तो गोळा दोन्ही हातांवर खेळवत, कोपरापर्यंत पसरवत नेत, इतका पातळ की पलीकडचा जाळ दिसे, आणि एका झोकात खापरावर टाकत. त्यांच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत जुन्या चटक्यांचे डाग होते. कृतिका लहानपणी ते मोजायची.

कृतिकाची वेणीही त्याच घालत. रोज सकाळी साडेसहाला, शाळेच्या आधी. खापरावरून उठून, मोरीवर हात धुऊन येत आणि पोरीला पुढ्यात पाठमोरी बसवत. दोघींच्या काय गप्पा चालायच्या देव जाणे. मी डबे भरत असे. कृतिकाला वेणीचं टोक चघळायची सवय होती. त्यावरून ती माझी बोलणी खायची आणि आजीच्या मागे लपायची.

रोग कळल्यावर मी स्वयंपाकघर धुऊन काढलं. पोळपाट-लाटणं, चाळण्या, पिठाचे डबे सगळं सासूबाईंच्या परसातल्या खोलीत गेलं. घरात ज्वारी, तांदूळ, नाचणी. दवाखान्यातून पिठाच्या पट्ट्यांचं खोकं मिळालं होतं. पट्टी जिथे टेकवायची तिथलं तीन मिनिटांत सांगते, एक रेघ आली तर साफ, दोन आल्या तर गहू. मी ओटा तपासला, वाट्या तपासल्या, फ्रिजचा दांडा तपासला. सगळीकडे एक रेघ.

तरी मांड्यांच्या दिवशी माझा जीव टांगणीला लागायचा. पीठ उडतं, वाऱ्यावर येतं, किती म्हणून खिडक्या लावणार? माझी मम्मी चोपड्याहून रोज फोन करायची. ती म्हणाली, "पीठ उडायच्या दिवशी पोरीला सकाळीच हिंग-ओव्याचं पाणी देत जा गं. पोट धरत नाही मग." मला ते पटलं. काहीतरी करायला मिळालं म्हणून बरंही वाटलं. मांड्याचा दिवस असला की साडेसहा-पावणेसातला मी कृतिकाला अर्धी वाटी कोमट पाणी द्यायचे, आणि ती तोंड वेडंवाकडं करून, आजीच्या हातात वेणी असतानाच, ते घटाघट पिऊन टाकायची.

पहिला ठिपका फेब्रुवारीत आला. मी नववी ब वर होते, अकराला दहा कमी असताना फोन थरथरला. संभाव्य वेळ, सकाळी सहा ते साडेसात. तेवढ्यात शिपाई सांगत आला की सातवीतल्या कृतिकाने वर्गात उलटी केली. मी तिला रिक्षात घालून घरी आणलं. परसात मांडे चालले होते. सासूबाई उठून आल्या, तर मी म्हणाले, "आई, जवळ येऊ नका. हात बघा तुमचे."

त्यांनी हात बघितले. कोपरापर्यंत पांढरे होते.

दुसरा ठिपका आठवड्याने, तिसरा त्यानंतर चार दिवसांनी. मी कॅलेंडर काढलं आणि मांड्यांच्या ऑर्डरी त्याच्या शेजारी लिहिल्या. ज्या दिवशी मांडे त्या दिवशी ठिपका, ज्या दिवशी मांडे नाहीत त्या दिवशी ठिपका नाही. एकही अपवाद नाही. जन्मभर शिकवलं तरी वर्गात दाखवायला इतका स्वच्छ संबंध मिळाला नसता. खोटं कशाला सांगू, मला त्यात थोडा आनंदही झाला. कारण सापडलं होतं. पिठाचे हात, हातांतली वेणी, वेणीचं टोक तोंडात.

मग मी सासूबाईंचे हात तपासायला लागले. वेणी घालायच्या आधी त्यांनी हात पुढे करायचे आणि मी पट्टी टेकवायची. तीन मिनिटं आम्ही दोघी तशाच उभ्या. बहुतेक वेळा एक रेघ यायची. एकदा नखाजवळ दोन आल्या. पदराला तर हमखास दोन यायच्या.

"मी राखेनं धुते बाई," त्या म्हणाल्या. "दोनदा धुते. अजून कसं धुवू सांग."

"साबणाने. कोपरापर्यंत. तीनदा."

त्यांनी तसं केलं. ठिपका आलाच. सातव्या खेपेला मी वेणी स्वतः घातली, सासूबाईंना माजघरात येऊच दिलं नाही. त्या दिवशीही ठिपका आला. म्हणजे पीठ हवेतून येत असणार, असं मी ठरवलं. मग खापर शेजारच्या अत्तरद्यांच्या परसात हलवलं. तरी ठिपका. म्हणजे त्यांच्या लुगड्यातून, केसांतून येत असणार. दरवेळी माझ्याकडे पुढचं उत्तर तयार असायचं. आणि दरवेळी भीतीपोटी मी कृतिकाच्या पाण्यातली हिंगाची चिमूट वाढवत होते. आधी अर्धी, मग एक, आखाजीपर्यंत दोन.

अँटिबॉडीचा आकडा दोनशेवरून दीडशेपर्यंत उतरला होता तो तिथेच अडकला आणि मेमध्ये परत चढला. डॉक्टर फिरके म्हणाल्या, "घरात कुठून तरी गहू जातोय. शोधा." मी म्हणाले, "सापडलाय."

त्या रविवारी मी जेवणाच्या टेबलावर फोन ठेवला. लोकेश होता, सासूबाई होत्या. तेरा लाल ठिपके आणि त्यांच्याखाली तेरा ऑर्डरी. अत्तरदे, बोंडे, फेगडे, आखाजीच्या तीन. मी वर्गात समजावते तसं समजावलं. आवाज चढवला नाही. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं, असं लोकेश नंतर म्हणाला.

सासूबाईंनी ठिपक्यांवरून बोट फिरवलं.

"मी तिले काहून देईन गं गहू?" त्या म्हणाल्या. "माह्या पोराची पोर हाये ती."

"दिलात असं नाही म्हणत मी, आई. लागतोय तुमच्याकडून. हे बघा ना, आकडे आहेत."

लोकेशने ठिपके मोजले, पुन्हा मोजले आणि मान खाली घातली.

दोन दिवसांनी सासूबाई स्वतःच माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. "असंल बाई," त्या म्हणाल्या. "फेगड्यांच्या लग्नाच्या दिवशी घाई व्हती. हात धुवायचे राह्यले असतील. मले आता आठवते तसं."

मी म्हणाले, "मांडे बंद करता का?"

"मांडे सोडून मी करू काय इथं? भिंतीकडे पाहत बसू?" मग जरा थांबून, "मी ज्योत्स्नाकडं जाते वरणगावले. पोरीचा जीव मोठा."

जूनमध्ये लोकेश त्यांना वरणगावला, त्याच्या बहिणीकडे सोडून आला. खापर अत्तरद्यांकडेच राहिलं. जाताना त्यांनी कृतिकाला जवळ घेतलं नाही, लांबूनच हात केला. कृतिकाने रडून घर डोक्यावर घेतलं आणि दुसऱ्या दिवशी कैची घेऊन मानेपर्यंत केस कापून टाकले. "आता वेणीच नको," ती म्हणाली. "आता घे बोलावून आजीला." मी तिला समजावलं. काय समजावलं ते आठवत नाही.

त्यानंतर ठिपका आला नाही. जून, जुलै, ऑगस्ट. आकडा शंभर, साठ, पस्तीस. दिवाळीत चौदा झाला. चौकटीवर नवी रेघ दोन बोटं वर गेली. डॉक्टर फिरके यांनी माझं कौतुक केलं. माझ्या म्हणण्याची याहून पक्की सिद्धता काय असणार? सासूबाई गेल्या, गहू गेला. मी तो आलेख, नाव-गाव काढून, नववीला सांख्यिकीच्या तासाला फळ्यावरही काढला.

वरणगावहून ज्योत्स्नाताईंचा फोन यायचा. आई मांडे करत नाहीत, म्हणायच्या. पिठाला हातच लावत नाहीत, पोळ्यासुद्धा मलाच लाटाव्या लागतात. बसून असतात. मी बरं म्हणायचे. मला वाईट वाटायला हवं होतं आणि वाटत नव्हतं. कृतिकाची नखं गुलाबी झाली होती, मी त्यांच्याकडे बघत बसायचे.

फेब्रुवारीत अत्तरद्यांच्या मुलीचं लग्न निघालं. सासूबाई नाहीत म्हणून त्यांनी भुसावळहून मांडे करणाऱ्या तीन बायका आणल्या. पहाटेपासून शेजारच्या परसात तीन खापरं धडधडत होती. मी आदल्या दिवशीच खिडक्यांना ओल्या चादरी लावल्या. कृतिका आजीच्या लाडात वाढलेली, तिला मांड्यांच्या वासानेच भूक लागली. मी तिला परसाकडे फिरकू दिलं नाही. आणि पावणेसातला, आठ महिन्यांनी पहिल्यांदा, तिला हिंग-ओव्याचं पाणी दिलं. भीती जुनीच होती, म्हणून चिमूटही जुनीच घातली. दोन.

अकराला पाच कमी असताना फोन थरथरला.

मी फळ्यासमोर उभी होते. हातात खडू होता. संभाव्य वेळ, सकाळी सहा ते साडेसात. मला पहिल्यांदा वाटलं, पीठ चादरींमधून आलं. मग वाटलं, कृतिकाने चोरून खाल्लं. पण सहा ते साडेसात ती माझ्या नजरेसमोर होती. आंघोळ, कपडे, ज्वारीची भाकरी आणि दूध, रोजचंच. रोजच्यापेक्षा वेगळं एकच होतं. पोरं माझ्याकडे बघत होती. मी त्यांना गणित सोडवायला दिलं आणि खुर्चीत बसले.

दर वर्षी मी याच वर्गाला शिकवते की लोक छत्र्या उघडतात म्हणून पाऊस पडत नाही. दोन गोष्टी एकत्र घडल्या तर तिसरी कुठली दोघींसोबत घडतेय ते आधी शोधा, हे मी फळ्यावर लिहून देते आणि परीक्षेत चार गुणांना विचारते.

घरी येऊन मी कपाट उघडलं. स्वयंपाकघरातलं नव्हे, माझ्या साड्यांचं. तिथे पितळेचा छोटा डबा असतो. बाळंतपणात मम्मीने दिलेला. त्यात मुरडशेंग, सुंठ, ओवा, आणि एका डबीत हिंग. बाजारच्या हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं हे मला पक्कं माहीत होतं. स्वयंपाकघर धुतलं तेव्हा फोडणीचा हिंग सगळ्यात आधी मीच बाहेर टाकला होता आणि डॉक्टरांची शाबासकी घेतली होती. पण हा हिंग माझ्या लेखी खायच्या वस्तूंत नव्हताच. हे औषध होतं. माझ्या आईचं होतं.

मी पट्टी टेकवली. तीन मिनिटं लागतात म्हणतात, पण दुसरी रेघ लगेचच आली. ठळक, रक्तासारखी लाल.

मम्मीला फोन केला. डबीतला हिंग कुठला, एवढंच विचारलं. "असलीच आहे गं, संपला की तुझ्या मामाकडून भरून ठेवते. काय झालं?" "काही नाही," म्हणाले आणि फोन ठेवला. तिला आजही माहीत नाही.

कॅलेंडर अजून माझ्या कपाटातच होतं. तेरा तारखा, तेरा ऑर्डरी. प्रत्येक तारखेला मी पाणी दिलं होतं. वेणी थांबवली, खापर हलवलं, माणूस घरातून काढलं, आणि पाणी चालू ठेवलं. वाढवलं. सासूबाई गेल्यावर मांडे बंद, मांडे बंद म्हणून भीती बंद, भीती बंद म्हणून पाणी बंद. यंत्राने प्रत्येक वेळी खरं सांगितलं होतं.

अठरा दिवस मी कोणाला काही सांगितलं नाही. शाळेत गेले, पेपर तपासले. सांगितलं नाही तर काय बिघडेल, याचा मी शांतपणे विचार केला. कृतिका बरी होतच होती, डबी मी फेकून दिली होती, ठिपका पुन्हा येणार नव्हता. सासूबाई वरणगावला सुखात नसतील, पण दोन वेळचं जेवत होत्या. हा विचार मी केला. तो आता लपवून काय उपयोग?

एकोणिसाव्या दिवशी कृतिका दुपारी जेवताना म्हणाली, "आई, मी मोठी झाले की माझ्या घरी आजीला ठेवीन. काचेची खोली करीन तिला. म्हणजे तिचं पीठ बाहेर येणार नाही आणि मला ती दिसेल."

मी लोकेशला आत बोलावलं आणि सगळं सांगितलं. पट्टी दाखवली, ती मी जपून ठेवली होती. त्याने ती हातात घेतली आणि उलटसुलट करून पाहिली. मला वाटलं ओरडेल. मला तसं हवंच होतं.

"तेव्हा मी काहीतरी बोलायला हवं होतं," तो म्हणाला. "माझी आई होती ती." मग उठला. "गाडी काढतो."

वरणगावला पोचलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. सासूबाई ओसरीत खाटेवर बसल्या होत्या. वाळल्या होत्या. हातांवरचे चटक्यांचे डाग फिकट झाले होते, नऊ महिन्यांत नवा एकही पडला नव्हता. कृतिका धावली आणि दोन हात अलीकडेच थांबली, गेल्या वर्षी मीच तिला तसं शिकवलं होतं.

मी खाली जमिनीवर बसले. वाटेत मनाशी बरीच वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आलं नाही. "आई, तुमची काही चूक नव्हती," एवढं म्हणाले. "गहू माझ्या हिंगात होता. मी देत होते पाणी. तेराही वेळा मीच दिला."

ज्योत्स्नाताई दारात उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाशी नेला. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, जराशा हसल्या, आणि एखाद्या पोराची समजूत काढावी तसा माझ्या खांद्यावर हात ठेवायला निघाल्या. तो हात मधेच थांबवून त्यांनी परत मांडीवर ठेवला.

"नही बाई," त्या म्हणाल्या. "तू कायले सोतावर घेते? माह्याच हातून झालं. मले चांगलं आठवते."

"आई, तपासलंय मी. पट्टी आहे माझ्याकडे."

"फेगड्यांच्या लग्नाच्या दिवशी. पोर खापराजवळ आली व्हती. मांड्याची कड मोडून मीच तिच्या तोंडात घातली. भूक लागली व्हती तिले." त्या कृतिकाकडे वळल्या. "दिली व्हती ना गं?"

"नाही आजी," कृतिका म्हणाली. "तू कधीच नाही दिलीस. मी मागितली तरी नाही दिलीस."

"दिली व्हती," सासूबाई म्हणाल्या. "तू ल्हान आहे, तुले ध्यानात नही."

लोकेश उठून अंगणात गेला. मी तिथेच बसून राहिले. वर्षभरात पहिल्यांदा माझ्या आत काहीतरी हललं, आणि ते इतकं दुखलं की पुन्हा गार पडता आलं तर बरं, असं मला वाटलं. जे घडलंच नव्हतं ते त्यांना आठवत होतं. तेरा ठिपके दाखवून मीच ते त्यांच्या आठवणीत नेऊन ठेवलं होतं. आता कुठल्या आकड्याने ते बाहेर काढणार?

कृतिका मुकाट्याने पुढे झाली आणि खाटेशी खाली, आजीच्या पुढ्यात, पाठमोरी बसली. सकाळी बसायची तशी. केस मानेपर्यंतच होते. "घाल वेणी," ती म्हणाली.

सासूबाई उठल्या. मोरीवर गेल्या. साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. पुन्हा लावला, पुन्हा धुतले. तिसऱ्यांदा धुतले. कृतिका पाठ ताठ करून वाट बघत होती. ओले हात घेऊन त्या परत आल्या, पण नातीकडे न जाता माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात पुढे केले.

"आई, नको," मी म्हणाले. "गरज नाही आता."

"आधी पट्टी लाव."

"अहो, खरंच नको."

त्या हलल्या नाहीत. कोपरांवरून पाणी ठिबकत होतं. पर्समध्ये पट्ट्या होत्या, नेहमीच असतात. मी एक काढली आणि त्यांच्या तळव्याला टेकवली. तीन मिनिटं आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो.

एकच रेघ आली. मी ती त्यांना दाखवली. त्यांनी ती पाहिली, तरी हात खाली घेतले नाहीत.

"लावू मंग पोरीले हात?" त्यांनी मला विचारलं.